डोलोरेससाठी ताटभर तांदूळ

लग्न ठरलेल्या बाईचा चेहरा मी शंभर पावलांवरून ओळखते. डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हायच्या मराठी मंडळात कोणालाही विचारा! म्हणूनच एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत डोलोरेस डबा खाताना म्हणाली की, येत्या रविवारी मी नवं नाव घेतेय, चर्चमध्ये समारंभ आहे, गिरीशला घेऊन ये, तेव्हा मी पुढचं काही विचारलंच नाही. बाईचं नाव बदलतं कधी? लग्नात! माझं नाही का बदललं?

डोलोरेस जेंकिन्स ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर. डेट्रॉइटची, सेहेचाळीस वर्षांची, एकटी. फॉर्मवर छापलेलं ‘ब्लॅक’ खोडून ती वर ‘आफ्रिकन अमेरिकन’ लिहायची. मला वाटायचं, असते एकेकाला खाडाखोडीची हौस.

“आईला मात्र पसंत नाही,” ती म्हणाली. “आणि सगळ्यांसमोर आधी आईनेच नाव घ्यायचं असतं. ती गप्प बसली, तर मला ते लावावंसंच वाटणार नाही.”

म्हणजे सासूबाईंना जावई पसंत नाही! मी म्हटलं, माझ्यावर सोपव.

घरी गिरीशने, म्हणजे आमच्या ह्यांनी, विचारलं, मुलगा कोण, करतो काय? मी म्हटलं, अहो, इथे प्रायव्हसी असते. आणि कामाला लागले. हिरवी साडी, नारळ, बुंदीचे लाडू. नवऱ्याने नाव लिहायला ताटभर तांदूळ. मुंडावळ्या नोव्हायमध्ये कुठल्या मिळायला? ख्रिसमस ट्रीच्या मोत्यांच्या माळा उसवून मी घरीच ओवल्या.

रविवारी चर्चमध्ये शिरलो आणि मी कशाला आले तेच विसरले. पाद्रीबुवा बोलता बोलता गायला लागले! एक ओळ गद्य, एक ओळ गाणं, मागे पेटीऐवजी ऑर्गन. वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली रामनवमीची कीर्तनं आठवली. बुवांनी “हो की नाही?” विचारलं की सगळे “आमेन” म्हणत. तिसऱ्या खेपेला मी “जय जय रघुवीर समर्थ” म्हटलं. कोणाला वावगं वाटलं नाही. ह्यांनी मात्र खुर्ची जरा लांब सरकवली.

मग बुवांनी पहिल्या रांगेतल्या मिसेस जेंकिन्सना उभं केलं. आता लेकीचं नाव घ्या, म्हणाले. म्हातारी उभी राहिली, पर्स छातीशी धरली, आणि ओठ घट्ट मिटले. ऑर्गन थांबला. डोलोरेस खाली बघायला लागली.

मला बघवेना. ताट घेऊन मी तरातरा पुढे गेले. डोलोरेसच्या शेजारी झगमगीत झब्ब्यातला एक उंच गृहस्थ उभा होता. चवड्यांवर उभी राहून मी त्याच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या आणि हातात नारळ दिला. सभेला वाटलं, आफ्रिकेतलाच कुठला तरी विधी. आमेनचा गजर! बुवांनी नारळावर दोन ओळी रचूनसुद्धा गायल्या.

मी म्हटलं, “आई, जावयाला पदरात घ्या आता.”

“जावई?” म्हातारी म्हणाली. “अगं, हा माझा धाकटा. रूबेन.”

मुंडावळ्यांतून रूबेन माझ्याकडे बघत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते छत बघत होते. मग मिसेस जेंकिन्स हसायला लागल्या. पर्स खाली पडली, तरी हसतच होत्या.

डोलोरेसने तांदळाकडे बोट दाखवलं. “आणि हे कशाला?”

मी सांगितलं: आमच्यात लग्नात नवरा यात बायकोचं नवं नाव लिहितो. मी माहेरची सुलभा. तांदळात निघाले मृणालिनी.

“तुला विचारलं होतं?”

साडीचा रंग विचारला होता. नावाचं कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

“आमच्या खापरपणज्यालाही नाही विचारलं,” ती हळूच म्हणाली. “तो गुलाम. जेंकिन्स त्याच्या मालकाचं नाव. म्हणून मी स्वतः निवडलं. आबेना. आफ्रिकेतलं नाव आहे, म्हणजे मंगळवारी जन्मलेली.”

“म्हणजे आमच्यातली मंगला!” मी म्हटलं.

मिसेस जेंकिन्सनी माझ्याकडे बघितलं. “तुझी आई तुला काय म्हणायची गं, नाव बदलल्यावर?”

“सुलभाच. शेवटपर्यंत.”

म्हातारीने जरा विचार केला. मग ताट जवळ ओढलं, तळहाताने तांदूळ सारखे केले, बोटाने सावकाश एकेक अक्षर काढलं, आणि खणखणीत आवाजात वाचलं, “आबेना.” मग लेकीला दम भरला, “पण घरी जेवायला हाक मारीन ती डोलोरेस म्हणून. ओ द्यायची!”

आबेना रडत हसत मान हलवत होती. बुवांनी सूर धरला. आमचे हेसुद्धा आमेन म्हणाले.

घरी आल्यावर मी तेच ताट ह्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, लिहा, सुलभा. तेवीस वर्षांनी? ग्रीन कार्ड, लायसन्स, सगळीकडे मृणालिनी आहे, म्हणाले. तरी माझा चेहरा बघून चष्मा लावला आणि वळणदार अक्षरात लिहिलं. मी डोळे भरून बघत राहिले.

दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून हाक आली, “मृणाल, हे तांदूळ कुकरला लावायचे ना?”

आणि मी मेली “ओ” देऊन बसले!