तात्यांची बाटली, बादलची लघवी

आमच्या शेजारचे तात्या रिकामी बाटली टाकत नाहीत. फिनेलच्या बाटलीत काकवी, काकवीच्या बाटलीत रॉकेल, आणि पाहुणा आला की कसल्यातरी बाटलीतून ताक. पाहुण्यानं नाक मुरडलं की म्हणणार, "धुतलीया की. धुतलं की झालं." ताक न पिताच उठलेले पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत.

तात्या एकटेच राहतात. मुलाचं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान. बायकापोरंही तिकडंच नेली. इथं तात्या आणि शर्यतीचा बैल, बादल. बादलला खारीक, अंडी, दूध, तात्यांना चहा-बटर. वर फुशारकी अशी, की "आपल्याला आडवं झालं की झोप. बादल हंबरला तरी जाग न्हाई."

गेल्या शर्यतीत बादल पहिला आला आणि लगेच कुजबुज सुरू झाली, बैलाला काहीतरी पाजलंय. पंचांनी लघवी तपासायचं ठरवलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सीलबंद डबी दिली. तात्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. "ह्यात बैल मुततोय व्हय? चिमणी हाय का ती?" मग आपली एक बाटली विसळली, सकाळभर बादलच्या मागं उभे राहिले, निम्मं धोतर भिजवून घेतलं आणि बाटलीतून डबी भरून दिली.

रिपोर्ट आला. लघवीत झोपेचं औषध. लोक बैल पळावा म्हणून औषध पाजतात. आमच्या तात्यांनी झोपावा म्हणून पाजलं आणि तरी बैल पहिला आला. गाव हसून हसून दमलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "औषध बैलाच्या पोटातून आलं असतं तर त्याचं रूप बदललं असतं. हे जसंच्या तसं आहे, म्हणजे ज्या बाटलीतून तुम्ही डबी भरलीत तिला लागलेलं. बाटलीत कुणाचं औषध होतं ते पंचांपुढं सांगा, मी डबीतच परत नमुना घेतो. नाहीतर बादल वर्षभर बाद."

"करा बाद," तात्या म्हणाले.

मी तरातरा त्यांच्या गोठ्यात गेले. "आवं तात्या, डोकं फिरलंय का तुमचं? कुणाचं औषध हुतं ते?"

ते बादलची मान खाजवत राहिले. "माझं. नातवंडं गेल्यापास्नं डोळा लागत न्हाई."

"मग सांगा की तसं."

"पोराला कळंल. धंदा टाकून मला न्यायला यील. तिकडं बैल बांधाय जागा न्हाई."

"आन् बादलवर आळ आला तो?"

"बादलला कुटं पोराचा फोन येतोय?"

असा राग आला म्हणता!

तरी पंचांपुढं मीच उभी राहिले. म्हटलं, बाटली माझी, मला झोप येत नाही. माझा नवरा तिथंच बसला होता. मी कशी घोरते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, पण बिचारा गप्प बसला. नमुना परत घेतला, बादल सुटला.

गावानं मला जायफळ आणून दिलं, तळपायाला चोळायला तूप दिलं. तात्यांची तर कमालच. रोज सकाळी कुंपणापाशी येऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "काय सूनबाई, लागली का झोप?"

"लागली, तात्या."

परवा गल्लीत कुणी नव्हतं. त्यांनी विचारलं, तसं मी म्हटलं, "लागली. तुमाला?"

त्यांनी कुंपणाला हात टेकला.

"न्हाई गं पोरी. कान सारखा दाराकडंच ऱ्हातोय."