पळायचा क्रम

माणूस आणि जनावर यांच्यात फरक काय, हे कुणीही मला विचारावं! बारा वर्षं आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवतोय मी. फळ्यावर दोन रकाने पाडतो. एकीकडं जनावर, दुसरीकडं माणूस. जनावर भ्यालं की पळतं. माणूस भ्याला की आधी विचार करतो! एवढं सांगून डस्टर टेबलावर असा आपटतो की शेवटच्या बाकावरचा झोपलेला गडीसुद्धा दचकून ‘हजर’ म्हणतो.

आमचं गाव सास्तूर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. इथं एखादा ट्रक जरा जोरात गेला तरी माणसं हातातला चहा खाली ठेवून एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. म्हणून मी घरात शिस्त लावली. संकट आलं तर कुणी कुणामागं बाहेर पडायचं, ते लिहून कागद फ्रिजवर चिकटवला. एक, आई. दोन, श्रावस्ती. तीन, मी. खाली माझी सही.

“सही कशाला?” श्रावस्तीनं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

“जबाबदारी असते!” मी म्हणालो.

परवाच्या रविवारी सकाळी शेजारच्या ज्ञानोबाकाकांची म्हैस ओरडायला लागली. साधं ओरडणं नव्हे. एसटी घाटात बंद पडावी तसं! वैरणीला तोंड लावेना, दावं तोडायला बघते, डोळे भिरभिर. जनावरांना भूकंप आधी कळतो, असं मोबाइलवर कितीदा तरी वाचलेलं.

मी वर बघितलं. “श्रावस्ती, पंखा हलतोय!”

“चालू आहे तो.”

मग मी टेबलावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि तासभर त्याच्यासमोर बसलो. पाणी हललं! मग कळलं, माझाच गुडघा टेबलाला लागून थरथरत होता. तेवढ्यात गल्लीतलं कुत्रं भुंकायचं थांबलं. ते का थांबलं? मुंग्या भिंतीवर चढत होत्या. त्या रोजच चढतात, पण आज एवढ्या घाईनं का?

शेवटी मी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अत्यंत जबाबदारीनं एक ओळ टाकली : ‘ज्ञानोबाकाकांची म्हैस अस्वस्थ आहे. कुणीही घाबरू नये.’

झालं! ‘घाबरू नये’ वाचल्याबरोबर गल्ली घाबरली. कुणी विचारलं, कशाला घाबरू नये? मी सविस्तर उत्तर दिलं. त्यावर शंका आल्या, शंकांवर मी खुलासे दिले. दुपारपर्यंत माझे चाळीस मेसेज झाले. पुण्याहून मावसभावाचा फोन आला, “दादा, जिवंत आहेस ना?” आणि मग तालुक्याच्या लोहारा गावाहून फिरत फिरत एक मेसेज माझ्याच मोबाइलवर येऊन आदळला : ‘सास्तूरच्या एका शास्त्रज्ञाच्या मते आज दुपारी तीन वाजता भूकंप!’

“श्रावस्ती! आता तर शास्त्रज्ञच म्हणतायत!”

“अहो, तो शास्त्रज्ञ तुम्हीच!”

“पण तीन वाजता असं मी कुठं म्हटलं होतं? म्हणजे दुसराही कुणीतरी असणार!”

अडीचला निम्मी गल्ली लिंबाखाली. ज्ञानोबाकाकांच्या धुरपदाबाईंनी तर गादी, देव आणि पापडाचा डबाही बाहेर आणून ठेवला. श्रावस्ती मात्र आत चहा टाकत होती. आई जेवून आतल्या खोलीत पडली असेल, तिला उठवावं, म्हणून मी निघालो. अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे गेलेले. तिला बाहेर यायला वेळ लागणार. घड्याळात तीनला पाच कमी.

मी फ्रिजपाशी पोचलो आणि...

धडाम!

खिडक्यांच्या काचा थरारल्या. मांडणीतली ताटं वाजली. जमीन हलली, देवाशपथ हलली!

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी लिंबाखाली होतो. अनवाणी. सगळ्यात पुढं. धुरपदाबाईंच्या गादीवर उभा!

“सर, हातात काय हो?” त्यांनी विचारलं.

फ्रिजवरचा कागद होता. कसा आला कुणास ठाऊक! त्यांनी तो घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. “एक, आई. दोन, श्रावस्ती. तीन, मी...” मग इकडंतिकडं बघून म्हणाल्या, “सर, एक नंबर कुठाय?”

तेवढ्यात दोन नंबर बाहेर आला. गॅस बंद करून, मेन स्विच पाडून, पायांत चपला घालून! “अहो, आई कुठायत?”

मी दाराकडं धावलो. उंबऱ्यात पोचलो आणि पाय थांबले. एक आत, एक बाहेर. वर छत, समोर अंधारलेली खोली. दुसरा हादरा आला तर? “आई!” मी ओरडलो. म्हणजे ओरडायचं ठरवलं. आवाज फुटला तो कोंबडीच्या पिल्लाएवढा.

आतून उत्तर आलं. “अमर! ए अमर! कुठायस रे लेकरा?”

मग मात्र गेलो. बघतो तर आई गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, माझ्या पलंगाखाली मला शोधत होती! केसांत कडबा, हाताला पेंड. ती आतल्या खोलीत नव्हतीच. सकाळपासून मागं ज्ञानोबाकाकांच्या गोठ्यात, म्हशीपाशी होती. हादरा बसल्याबरोबर मागच्या दारानं घरात शिरली होती.

मला बघितलं आणि तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की भूकंप परवडला असता!

तेवढ्यात बाहेरून ज्ञानोबाकाका ओरडले, “भूकंप न्हाय! सुरुंग हाय, सुरुंग! खालच्या रानातल्या विहिरीचा!” विहीरवाल्यांनी सकाळीच ग्रुपवर कळवलं होतं म्हणे, की दुपारी सुरुंग उडवणार आहोत. तो मेसेज माझ्या चाळीस मेसेजांखाली गाडला गेला होता.

आणि त्याच वेळी मोटारसायकलवरून जनावरांचे डॉक्टर रणधीर उतरले. म्हशीला तपासून हसत बाहेर आले. “काका, लई ब्येस! म्हैस माजावर आलीय, रेडा बघा आता.”

अख्खी गल्ली माझ्याकडं वळून बघायला लागली. धुरपदाबाईंनी गादी झटकली. जिथं मी उभा होतो, तिथं जरा जास्तच झटकली!

“मला सकाळीच कळलंवतं,” आई म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू मोबाइलमधी हुतास.”

मी तिला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. मला राहवेना.

“आई, तू तर बाहेर होतीस. सुखरूप. मग घरात कशाला शिरलीस?”

“तू आत हुतास की.”

“आणि छत खाली आलं असतं तर?”

ती गुडघा चोळत म्हणाली, “आरं, तवा एवढा इचार कोण करतंय!”

मी केला होता. उंबऱ्यात उभं राहून, चांगलं अर्धं मिनिट! पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.