बिराजदार सरांची उघडझाप

बिराजदार सर कुठल्याही लग्नात अक्षता टाकायच्या आधी मंडपाची लायटिंग तपासतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला ते लातूरहून नांदेडपर्यंत आले आणि नवरीकडे न बघता थेट मंडपवाल्याला गाठलं. "ही माळ लई घाई करायलीय. पाहुण्यांना चक्कर येईल," म्हणाले. मंगलाष्टकं संपली तरी दोघं जनरेटरपाशी हुज्जत घालत होते. शेवटी मंडपवाल्यानं कंटाळून माळच बंद केली. मग सर समाधानानं जेवायला बसले.

लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं शिकवतो. सरांच्या प्रयोगशाळेत प्रोग्राम लिहीत नाहीत, मांडतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकोन ठेवायचे आणि तारांनी एकमेकांना जोडायचे. पहिला धडा म्हणजे पडद्यावरच्या गोल हिरव्या दिव्याला उघडझाप करायला लावणं. बाकी कॉलेजांत तो एका तासात उरकतो. आमच्याकडे तो उरकेपर्यंत दिवाळीची सुट्टी लागते.

पोरं टायमर जोडायला विसरतात. मग दिवा नुसता थरथरतो आणि कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागतो. सर मागून येऊन म्हणतात, "दम घाला त्याला." टायमरला ते दमच म्हणतात. पण तो जोडून सुटका होत नाही. भोकरच्या एका मुलीचा दिवा छान चालला होता, तरी सरांनी तिला विचारलं, "हा बोलवायलाय का हाकलायलाय?" ती बिचारी म्हणाली की परीक्षेत एवढं विचारत नाहीत. सरांनी तिला परत बसवलं.

यंदा बाहेरून तपासणी समिती आली. काहीतरी जबरदस्त दाखवा, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. सरांनी भिंतभर एकच दिवा दाखवला. तो पेटायचा, निवांत थांबायचा, मिटायचा. समितीच्या अध्यक्षांनी याचा उपयोग विचारला, तर सर म्हणाले, जरा बघा की. अध्यक्ष बघत राहिले. जेवणात बासुंदी झालेली. त्यांची मान जी खाली गेली ती चहा आल्यावरच वर आली.

प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळा माझ्या गळ्यात बांधली, आणि सरांना ते सांगायचं कामही. सर शांतपणे म्हणाले, "घ्या की मॅडम. फक्त एक जुना कॉम्प्युटर माझ्या घरी हाय, तेवढा नेऊ नका." आधीच्या प्राचार्यांच्या परवानगीनं नेला होता म्हणे. कशाला, ते सांगेनात. घरी येऊन बघा, म्हणाले.

कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. गल्लीत शिरलो तर वीज गेलेली. सरांनी पायरी रुमालानं झटकली, मला बसायला सांगितलं आणि स्वतःही बसले. दार समोरच होतं, पण ते वाजवेनात. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. मागं एका तापात वहिनींचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरला घरातले दिवे जोडलेत. दाराला दोन बटणं आहेत. पाहुण्यांनी वरचं दाबलं की दिवे लगबगीनं उघडझाप करतात. सरांनी आपलं खालचं दाबलं की सावकाश.

"मग किल्लीनं उघडा ना," मी म्हणाले.

"किल्ली हाय खिशात. पण माणूस एकदम मागं उभा दिसला की ती लई दचकते. एकदा हातातलं गरम पातेलं पायावर पडलं तिच्या." त्यांनी विजेच्या खांबाकडे बघितलं. "वीज येईल की. मी बसतो हितंच. रोजचंच हाय."

मी कॉम्प्युटरचा विषय पुन्हा काढला नाही. सर यंदाच्या सोयाबीनवर बोलत राहिले. समोरच्या घरातला टीव्ही अचानक ओरडला, तशी वीज आल्याचं कळलं. सर उठले, खिशातल्या कंगव्यानं केस नीट केले आणि त्यांनी खालचं बटण दाबलं.

खिडकीच्या पडद्यामागं उजेड आला, थांबला, गेला. पुन्हा आला. आतून दार उघडलं. पिठाच्या हातांनी वहिनी दारात उभ्या होत्या. सरांकडे बघून हसल्या. मग मागं मी दिसले, तशी त्यांनी पदर सावरत सरांवर डोळे वटारले, पाहुणे येणार म्हणून आधी सांगायला काय झालं होतं म्हणून.