गुलाबी व्हॅनचा मूळ रंग

"गाडी गुलाबी का आहे?" आहेर साहेबांनी विचारलं, तेव्हा मोतीराम सोसायटीच्या टाकीवरून नुकताच खाली उतरला होता.

"लाल आहे, साहेब."

आहेर साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाशिकच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहिलेली ती व्हॅन एकेकाळी लाल होती हे खरं. पण आता ती लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखी दिसत होती. आहेर साहेब बँकेतून निवृत्त झालेले आणि इंदिरानगरातल्या या मोठ्या सोसायटीचे चेअरमन झालेले. बँकेत सवय लागल्यामुळे ते समोरच्या माणसाकडे नेहमी कर्ज मागायला आल्यासारखं पाहत. जो माणूस स्वतःची गाडी अशी ठेवतो तो आमचे पंप कसे ठेवणार, असं त्यांनी शांतपणे विचारलं. वर्षभराचं पंपांचं काम कुणाला द्यायचं ते रविवारी अकरा वाजता कमिटी ठरवणार होती, तोवर गाडी लाल दिसली तर बरं, असंही त्यांनी सुचवलं. शेवटी जाता जाता म्हणाले, "दुसरा अर्ज कुणा गेणूचा आहे. त्यांच्याकडे स्कूटरच आहे, पण काय चकचकीत ठेवलीय."

सगळ्या नाशकात पंप दुरुस्त करणारे शंभर असतील, पण हे काम गेणूला जाणं मोतीरामला परवडणारं नव्हतं. गेणू आणि तो एकेकाळचे भागीदार. पेठ रोडच्या एका मळ्यात बोअरमधून मोटार वर काढताना दोर सुटला आणि मोटार तळाला गेली, ती आजतागायत तिथंच आहे. दोर तू सोडलास, असं दोघंही एकमेकांना म्हणाले आणि भागीदारी तिथंच संपली. व्हॅन मोतीरामकडे आली, मोटार उचलायची चेन-पुली गेणूकडे गेली. त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मोतीरामनं गेणूचं नावही तोंडातून काढलं नव्हतं.

पेंटर म्हणाला, पंधरा दिवस गाडी सोडून जा. मोतीराम म्हणाला, मग मीच करतो. सिडकोतल्या घरासमोर त्यानं व्हॅन लावली आणि कपडे धुण्याच्या सोड्यानं ती धुऊन काढली. वाळल्यावर ती जास्त गुलाबी झाली.

शेजारचा सोमनाथ एस.टी.त ड्रायव्हर होता, त्यामुळे चाकं असलेल्या सगळ्याच गोष्टींवर त्याचा अधिकार चाले. त्यानं रॉकेलचा फडका मारायला सांगितला. फडका मारताच गाडी अशी लालबुंद झाली, की मोतीराम बायकोला बोलवायला आत धावला. मंगला हात पुसत बाहेर येईपर्यंत रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला होता आणि त्याची सगळी धूळ रॉकेलला चिकटली होती.

"मघापेक्षा बरी दिसते," मंगला म्हणाली. "निदान गुलाबी तरी नाही."

मोतीराम मात्र हटणाऱ्यातला नव्हता. त्यानं दुकानातून गाडी घासायचं कंपाउंड आणलं आणि बॉनेटवर ताटलीएवढी जागा घासघास घासली. खालून खरा, मूळचा लाल रंग वर आला. तो पाहून त्याला मनापासून आनंद झाला. पण आता बॉनेटवर एक लाल गोल आणि बाकी सगळी गाडी फिकी, म्हणजे उरलेली गाडी घासणं आलंच. ती त्यानं तीन दिवस घासली. बनियनचे फडके संपले, मग जुनं लुगडं गेलं, मग उशांचे अभ्रे. जेवताना उजवा हात वर येईना म्हणून तो डाव्या हातानं चमच्यानं वरणभात खाऊ लागला. फडक्यांवर एवढा लाल रंग निघाला की मंगलानं विचारलं, "अहो, रंग सगळा फडक्यावर आला. आता सोसायटीत गाडी नेणार का फडकी?"

रविवारी सकाळी फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार राहिलं होतं. त्यावर पिवळ्या अक्षरांत 'मोतीराम पंप सर्व्हिस' असं लिहिलेलं होतं. आपल्या नावाभोवती त्यानं बोटाला फडकं गुंडाळून जपून घासलं. नावाच्या डाव्या अंगाला दाराचा थोडा भाग रिकामा होता, तिथं मात्र जोर लावला. थोड्या वेळानं तिथं एक पिवळा डाग दिसला. कबुतराचं काम असेल असं समजून त्यानं आणखी जोर लावला. डाग वाढला, वर मात्रा आली, खाली उकार आला, आणि मोतीराम थांबला तोपर्यंत दारावर ठळक अक्षरांत 'गेणू' उगवला होता.

भागीदारी तुटली त्या दिवशी मोतीरामनं स्वतःच त्या नावावर लाल रंगाचा हात मारला होता. तो हात कंपाउंडनं खाल्ला. त्यातही वाईट म्हणजे, सहा वर्षं ऊन खाऊन 'मोतीराम' पार विटला होता आणि झाकून ठेवलेला 'गेणू' आजच लिहिल्यासारखा पिवळाधमक होता.

घरातला रंगाचा डबा उघडला तर आत रंग वाळून दगड झालेला. रविवार म्हणून रंगाची दुकानं बंद. साडेदहा झाले होते. मोतीरामनं कोपऱ्यावरून झेंडूचा जाड हार आणला आणि नेमका त्या नावावर येईल असा दाराला बांधला. मंगलानं ते पाहिलं, हार उचलून नाव वाचलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तिला हसू आवरत नव्हतं.

सोसायटीच्या फाटकात व्हॅन शिरली तशी कमिटी बाहेरच आली.

"नवी घेतलीत?" आहेर साहेबांनी विचारलं.

मोतीराम म्हणाला, जुनीच आहे, घासली फक्त. पण जुन्या गाडीला हार कोण घालतं? कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या की लपवायचं काय त्यात, आणि पेढे कुठे आहेत? पेढ्यांशिवाय पुढची बोलणी होणार नाहीत असा रंग दिसला. गाडी हलवली तर हार हलेल, म्हणून मोतीराम पायीच मिठाईच्या दुकानात गेला आणि अर्धा किलो पेढे घेऊन धापा टाकत परत आला.

तोवर फाटकापाशी फिरणाऱ्या गायीनं हार संपवला होता. शेवटचं फूल तिच्या तोंडात होतं आणि कमिटी दारासमोर उभी राहून वाचत होती.

"गेणू-मोतीराम पंप सर्व्हिस," आहेर साहेब मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही दोघं एकत्र आहात?"

मोतीरामच्या हातात पेढे होते. त्यानं ते घाईनं पुढं केले.

"अहो, गेणू सकाळीच येऊन गेले. काम जाणतात, पण एकटे आहेत, म्हणून आम्ही नाही म्हटलं. आमची बोअर खोल आहे, मोटार वर काढायची तर दोन जाणती माणसं लागतात. तुम्हालाही तेच सांगून परत पाठवणार होतो. त्यांनी का नाही सांगितलं, भागीदार आहे म्हणून?"

मोतीरामनं त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

"लाजाळू आहे," तो म्हणाला.

काम मिळालं. उद्या सकाळी दोघांनी यायचं होतं. व्हॅन मखमलाबाद नाक्याला गेणूच्या घराकडे चालवताना मोतीरामनं भांडणाची सगळी तयारी केली. गेणू काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं, हे सगळं त्यानं सिग्नलला थांबून मोठ्यानं म्हणून पाहिलं.

गेणू ओट्यावर बसून स्कूटर पुसत होता. व्हॅन ओळखून तो उठला, तोंड वाकडं केलं आणि मग त्याची नजर दारावर गेली. फडकं खाली टाकून तो पुढं आला आणि आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"हे तू केलंस?"

मोतीरामनं खरं तेच सांगितलं. "तीन दिवस घासत होतो."

गेणूचे डोळे भरून आले. "मोत्या, त्या दिवशी दोर माझ्याच हातनं सुटला व्हता. लय वेळा वाटलं येऊन सांगावं. पन पाय उचलला नाय."

मोतीरामचं पाठ केलेलं भांडण वायाच गेलं. सहा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानावर पडल्यावर त्याला फक्त वाईट वाटलं, स्वतःचंही आणि गेणूचंही. त्यानं सोसायटीचं सांगितलं, उरलेले पेढे पुढं केले, आणि गेणूला फसवायला नको म्हणून म्हणाला, "गेण्या, ते नावाचं जरा वेगळं झालंय."

"दिसतंय ना मला," गेणू म्हणाला. "माझं नाव असं उजळवलंस आन स्वतःचं तसंच मळकं ठेवलंस. हे काय मला पटत नाय. फडकं दे इकडं."

मोतीराम नको नको म्हणत होता, पण गेणूही हटणाऱ्यातला नव्हता. डब्यातलं उरलंसुरलं कंपाउंड घेऊन त्यानं दाराशी बैठक मारली आणि प्रेमानं, सगळं अंग लावून घासायला सुरुवात केली. ऊन खाल्लेला तो पिवळा रंग फडक्यावर भराभर उतरत गेला. गेणूनं फडकं बाजूला घेतलं तेव्हा दारावर 'गेणू' होता, 'पंप सर्व्हिस' होतं आणि मधे सुंदर, मूळचा लाल रंग होता.

गेणूनं जीभ चावली. मग मोतीराम म्हणाला की राहू दे, वहिनींना चहा टाकायला सांग.

सोमवारी सकाळी चेन-पुली व्हॅनमधे टाकून दोघं सोसायटीत आले. वॉचमननं आधी दार वाचलं, मग स्टिअरिंगवरच्या माणसाला सलाम ठोकला.

"या, गेणूशेठ."

मोतीरामनं सलाम घेतला आणि गाडी आत घातली.