बुंदीच्या बहिर्गमनाचा ठराव

संगमेश पट्टणशेट्टी यांच्या कोल्हापूरच्या घरातल्या मांजरीला आत ठेवावे की बाहेर, हा प्रश्न २००२ सालच्या उन्हाळ्यात प्रथम उपस्थित झाला. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके असल्यामुळे मांजरीचे नाव बुंदी पडले होते. ती आत राहते की बाहेर, हे तोवर कोणी विचारले नव्हते. खुद्द बुंदीला या दोन्हींतला फरक ठाऊक नव्हता.

प्रश्न काढला संगमेशच्या आईने, रत्नव्वांनी. तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा चालू असताना बुंदी त्यांच्या मांडीवर चढली आणि लिंगावर वाहिलेला बेल तिने पंजाने खाली पाडला.

"हे मांजर भायेर घाल," रत्नव्वा लेकाला म्हणाल्या. "शिवाच्या आन माझ्या मधी तिसरं कोण नको मला."

"बाहेर नको अप्पा," शांभवी म्हणाली. ही संगमेशची एकुलती एक मुलगी, बी.कॉम. होऊन कॉम्प्युटरही शिकलेली. "वडापच्या जीपा माणसं कोंबून कशा सुसाट जातात रस्त्यानं, बघताय न्हवं?"

संगमेशच्या बायकोने, सौंदर्याने, कोणाचीच बाजू घेतली नाही. "आत राहिली तर घाण मी काढायची, भायेर गेली तर हुडकायला मी जायचं. तुमचं ठरू दे, मग मला सांगा."

सगळ्यांनी संगमेशकडे पाहिले. संगमेश एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता आणि त्याच्या नावावर आजवर एकही निर्णय नव्हता. हा आळस नव्हे. ही कमावलेली विद्या होती. खालून आलेला कागद तो 'सादर' लिहून वर पाठवी, आणि वरून आलेला 'उचित कार्यवाहीस्तव' लिहून खाली ढकली. घरात मात्र अडचण अशी, की वर फक्त आई होती आणि तिनेच प्रकरण खाली पाठवले होते. तेव्हा संगमेशने अंतरिम आदेश काढला. अंतिम निर्णय होईपर्यंत मांजर आतही नाही आणि बाहेरही नाही. ते उंबऱ्यावर राहील. त्यासाठी दार कायम अर्धे उघडे ठेवण्यात यावे.

अर्ध्या दारातून पहिल्यांदा डास आले. मग एक कुत्रे आले आणि त्याने सौंदर्याचे वाळत घातलेले सांडगे खाल्ले. त्यामागून हंबीरराव आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ कॉलनीच्या सोसायटीचे चेअरमन होते. दार उघडे म्हणजे चहा तयार, असा त्यांनी अर्थ घेतला आणि ते रोज येऊ लागले. चहा पिता पिता त्यांना मांजराचे प्रकरण कळले, आणि कमिटीला कोणी विचारले नाही याचे वाईट वाटले.

"पट्टणशेट्टी, आत हाय ते तुमचं. भायेर हाय ते सोसायटीचं. उंबऱ्यावर हाय ते वादातलं," हंबीरराव बशी खाली ठेवत म्हणाले. "आनि वादातलं सगळं कमिटीकडं येतंय."

संगमेशला हायसे वाटले. प्रकरण वर पाठवायला अखेर कोणीतरी मिळाले होते.

कमिटीने तातडीने बैठक घेतली. मांजर बाहेर येणार असेल, तर ते सामाईक मालमत्तेत मोडते आणि त्याने सर्व सभासदांच्या घरचे उंदीर पाळीपाळीने धरले पाहिजेत, असे ठरले. पहिली पाळी चेअरमनांच्या घरची. बुंदी तिथे गेली, साय खाल्ली आणि सोफ्यावर झोपली. उंदीर होता तिथेच राहिला. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस पट्टणशेट्टींच्या दाराला चिकटवण्यात आली. बुंदीने तिच्यावर गाल घासला. नोटीस पोचल्याचे मानण्यात आले.

खुलासा न आल्याने, इतर ठिकाणी मांजरे कशी ठेवतात याचा अभ्यास करणे भाग पडले. कमिटी संगमेशला बरोबर घेऊन, गाडी करून मालवणला गेली. तिथल्या मासळीबाजारात मांजरे मुबलक होती. कमिटीने मांजरांच्या आहाराचा खोलवर अभ्यास केला, आणि संध्याकाळी तोच अभ्यास सोलकढीबरोबर पुन्हा केला. संगमेश शाकाहारी असल्यामुळे त्याला अभ्यासात भाग घेता आला नाही. तो गाडीत केळी खात बसला.

"तिकडं मांजरं भायेरच राहत्यात," परत आल्यावर हंबीररावांनी अहवाल दिला. "आनि समाधानी हायत. आम्ही पण होतो."

पण कमिटीतल्या काहींना समुद्राकाठची मांजरे आणि कोल्हापूरची मांजरे यांची तुलना योग्य वाटेना. म्हणून विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आणि तज्ज्ञ म्हणून जनावरांच्या डॉक्टरला, बाळासोंना, बोलावले. सोसायटीच्या हॉलमध्ये पुरुष पुढे खुर्च्यांवर बसले, बायका मागे सतरंजीवर. रत्नव्वा, सौंदर्या आणि शांभवीही आल्या होत्या; आपल्या घरच्या मांजराचा मामला होता.

बाळासो उभे राहिले. "मुकं जितराब हाय ते. कोंडलं की पयलं खाणं कमी होतंय. मग हाक मारली तरी येत न्हाय. मग नुसतं खिडकीला बसून राहतंय. त्याला औषध न्हाय. दार उघडायचं, एवढंच."

सभा हेलावली. हंबीररावांनी टॉवेलने डोळे पुसले.

संगमेशला वाटले, आता दोन्ही बाजू सांभाळणारा मार्ग आपणच सुचवावा. तो उठला. कचेरीत चार ओळींच्या टिपणीला त्याला दुपार लागत असे. इथे मात्र तो पाठ असल्यासारखा बोलत गेला.

"बाहेर जाऊ द्यावं, पण सांगून. संगती घरचं कोणतरी पाहिजे. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पुढं जायचं न्हाय. गिरणीपाशी बोके बसलेले असतात, तिकडं बघायचं पण न्हाय. दिवेलागणीच्या आत घरात. उशीर झाला तर कुठं गेलतीस, कुणाबरोबर हुतीस, सगळं विचारायचं. आनि चारचौघांत आपलं नाव निघेल असं दिसलं, तर जाणंच बंद."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग पुढच्या रांगेतला एकजण उठला, मग दुसरा.

"हे काय बोलणं झालं, पट्टणशेट्टी?" हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "काळीज हाय का न्हाय तुम्हाला? जित्या जिवाला असं वागवतंय व्हय कोण? त्यापरीस मारून टाका की त्याला."

एकमताने ठराव झाला. सजीव प्राण्याला हिंडण्याफिरण्याचा नैसर्गिक हक्क आहे. सबब बुंदीस कोणत्याही वेळी, कोणत्याही दिशेस, कोणासही न विचारता जाण्यायेण्याची मुभा असावी. रत्नव्वांनीही हात वर केला. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर शांभवी सतरंजीवरून उठली.

"काका, मला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागलीय. शनिवारपर्यंत कळवायचंय. आत्ता अप्पांनी जे सांगितलं, ते मला लागू हाय. कॉलेजपासनं. तुमचा ठराव माझ्यासाठी पण चालंल काय?"

बाळासो खाली बघू लागले. हॉलमधल्या सगळ्या बापांना एकाच वेळी घड्याळ बघावेसे वाटले.

"हे बघ पोरी," हंबीरराव मायेने म्हणाले, "विषय मांजराचा हाय. तुझा विषय, विषयपत्रिकेवर न्हाय."

संगमेशचे कान तापले. आपण मघाशी काय बोललो, ते त्याला आता कुठे ऐकू येत होते. उठावे आणि 'जा' म्हणावे, असे क्षणभर त्याच्या मनात आले. पण तो निर्णय झाला असता, आणि त्यावर त्याचे नाव लागले असते.

"घरी बघू," तो म्हणाला.

घरी रत्नव्वा त्याच्या पाठी लागल्या. "पाठव की रं तिला. पोरगी शिकलीया ती काय भिंतीला टेकून बसायला?"

"बघू की, अव्वा. विचार चालू हाय."

शनिवार आला तेव्हा विचार चालूच होता. कंपनीने दुसरी मुलगी घेतली. शांभवी त्यावर काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे प्रकरण निकाली निघाले, असे संगमेशने धरले. हंबीररावांनी भेटल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचे स्थळ सुचवले.

ही हकीकत जिथे जिथे सांगितली, तिथे ऐकणाऱ्या भल्या माणसांनी शेवटी काळजीने एकच प्रश्न विचारला आहे: मांजराचं पुढं काय झालं? त्यांच्या माहितीसाठी सांगतो. बुंदी सुखात आहे, वजन वाढले आहे, वाटेल तेव्हा जाते आणि वाटेल तेव्हा येते. शांभवीचे पुढे काय झाले, हे अजून कोणी विचारलेले नाही. तुमच्याही ओठांवर मांजराचाच प्रश्न आला होता.