साठ फेरे आणि अर्धी प्रदक्षिणा

डोळ्यांदेखत एखाद्याचा अपमान होत असताना जो मौन धारण करतो, तो त्या अपमानाचा अर्धा वाटेकरी ठरतो. चिखलीच्या शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवताना हे मी मुलांना सांगत आलो. असा एक वाटा मात्र मी स्वतः पन्नास वर्षे सांभाळून ठेवला होता. गेल्या वैशाखात तो फेडण्याचा संकल्प केला आणि त्याला गणिताचा भक्कम आधार दिला. माझे गणित चुकत नाही. निदान त्या दिवसापर्यंत चुकले नव्हते!

मूळ प्रसंग असा. पन्नास वर्षांपूर्वी जानेफळला माझे शरयूशी लग्न झाले. वरात दमणीतून, म्हणजे आमच्याकडच्या हलक्या, शोभिवंत बैलगाडीतून निघायची होती. माझा चिखलीचा मित्र रहेमतुल्ला तेव्हा वीस वर्षांचा होता. वडिलांच्या सायकल दुकानात तो पंक्चर काढी आणि मनात विजेचे मनोरे बांधी.

"गुरुजी, दमणीचे चाकं असे चमकवतो, का बैलंई वळून पाहतीन!"

त्याने चाकांच्या आऱ्यांना छोटे दिवे बांधले, गाडीत ट्रकची बॅटरी ठेवली आणि मध्ये वायर जोडली. बैलांनी सात पावले टाकली. बॅटरी स्थिर, चाक फिरते, आणि वायर बिचारी दोघांच्या मध्ये! ती चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्याला अशी करकचून गुंडाळली गेली, की बॅटरीने थेट उडी मारली आणि ती ढोलकऱ्याच्या ढोलात जाऊन विसावली. सर्वत्र अंधार!

"या पोट्ट्याले कोणी आणलं बे? हाकला याले!" शरयूचे काका गरजले. माझा मेहुणा शंकरराव तेव्हा सोळा वर्षांचा. तो पोट धरधरून हसला. रहेमतुल्ला बुंदीच्या पानाला हात न लावता दुधाच्या गाडीने चिखलीला परतला. मी मुंडावळ्या बांधून गाडीतच बसलो होतो. मी एक अक्षर बोललो नाही. त्यानेही पुढे कधी त्या दिवसाचा उल्लेख केला नाही, आणि तेच मला अधिक बोचत राहिले.

लग्नाची पन्नाशी जानेफळलाच करायची, पुन्हा दमणीतून वरात काढायची, असा शंकररावांनी आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम रहेमतुल्लाच्या दुकानात गेलो.

"रहेमतभाई, चाके पुन्हा उजळायची."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा लावला.

"शंकरराव असतीन तिथं?"

"असतील."

"मंग येतो."

या खेपेस आम्ही वायरीशी भांडायचे नाही असे ठरवले. तिला गुंडाळायचेच आहे ना? गुंडाळू दे! प्रत्येक चाकासाठी एक टोपली घ्यायची. तिच्यात लांब वायर वेटोळी करून सैल ठेवायची. एक टोक बॅटरीला, दुसरे तुंब्याला. चाक फिरेल तसतशी वायर टोपलीतून निघून तुंब्यावर बसत जाईल. प्रश्न उरला तो केवळ लांबीचा, आणि तिथेच माझे गणित प्रविष्ट झाले!

जानेफळला जाऊन मी सुतळीने चाकाचा घेर मोजला: तेरा फूट. शंकररावांच्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता भरला सातशे ऐंशी फूट. म्हणजे बरोबर साठ फेरे! तुंब्याचा घेर दोन फूट; एका चाकाला एकशे वीस फूट वायर.

"वर थोडी जास्त राहू द्या," रहेमतुल्ला म्हणाला. "अल्लाच्या नावानं."

"कशाला? गणित आहे हे!" मी म्हणालो. तरी त्याच्या समाधानासाठी दहा फूट वाढवली.

रहेमतुल्लाचा मुलगा शाकिर माझा जुना विद्यार्थी; आता चाळिशीचा, मोबाईलचे दुकान चालवतो. आम्ही वायरीचे फेरे मोजत टोपल्या भरत होतो, तेव्हा तो मध्येच म्हणाला, "गुरुजी, मी काय म्हणतो..."

"शाकिर, फेरे मोजताना मध्ये बोलू नये!"

जरा वेळाने तो पुन्हा म्हणाला, "अब्बा, ऐका तर..."

"चूप बस बे. अठ्ठावन्न, एकोणसाठ..."

दिवेलागणीला वरात निघाली. कारभारी गाडीवान पुढे, शरयू आणि मी मध्ये, आणि आमच्या दोन्ही अंगांना बाप-लेक एकेक टोपली मांडीवर घेऊन बसलेले, जणू भाजीच घेऊन बाजाराला चालले आहेत! रहेमतुल्लाने बटण दाबले. चाके फिरली आणि प्रकाशाची दोन कमळे रस्त्यावर लोळत निघाली. हिरवा, लाल, पिवळा. आरे दिसेनासे झाले, नुसती वर्तुळे उरली. लोक ओट्यांवर आले. रहेमतुल्ला वायरीला ढील देत होता, लहानपणी पतंगाला देत असे तशी, आणि त्याचा चेहरा वीस वर्षांचा झाला होता. मी मनात फेरे मोजत होतो. देवळाचा पार आला आणि साठ पूर्ण झाले. मी शरयूकडे विजयी मुद्रेने पाहिले.

"थांबव, कारभारी!"

"थांबवू कसा गुरुजी? परदक्षिणा घेऊन राह्यलो ना!"

प्रदक्षिणा! जानेफळची वरात मारुतीला तीन प्रदक्षिणा घातल्याखेरीज थांबत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. मीही पन्नास वर्षांपूर्वी त्या घातल्या होत्या. आयुष्यभर धर्मशास्त्र वाचलेल्या माणसाने नेमकी प्रदक्षिणाच हिशेबाबाहेर ठेवली होती!

"गुरुजी, टोपली रिकामी होऊन राह्यली!" रहेमतुल्ला ओरडला.

उजवीकडे वळताना डावे चाक बाहेरून अधिक फिरते, म्हणून आधी शाकिरची टोपली संपली. दमणी देवळाच्या बरोबर मागे पोचली होती.

"रोख रे!" शाकिर ओरडला. वायर सतारीच्या तारेसारखी ताणली गेली. दिवे फडफडले, पण विझले नाहीत.

गाडीखाली वाकून पाहणाऱ्या रहेमतुल्लाचा आवाज बारीक झाला होता. "एक पाऊल पुढं गेलो तर तुटते. मागं गेलो तरच वाचते."

अर्धी प्रदक्षिणा झाली होती. पुढे जावे तर अंधार, मागे जावे तर देवाला उलटी प्रदक्षिणा! लोक कुजबुजू लागले. गर्दीतून शंकररावांचा आवाज आला, "काय रहेमतभाई, पुन्हा तेच काय?" आणि मागोमाग हसू.

रहेमतुल्लाने मान खाली घातली. खिशातून त्याने पकड काढली आणि ती वायरीवर ठेवली. तो स्वतःच्या हाताने दिवे तोडणार होता.

मी दमणीतून उतरलो. गुडघे कुरकुरले, आवाज मात्र शाळेतला निघाला. "शंकरराव! चूक रहेमतभाईंची नाही. प्रदक्षिणा मोजायला मी विसरलो. आणि पन्नास वर्षांपूर्वी यांना हाकलले, तेव्हा बोलायचे होते, तेही मीच विसरलो. आज बोलतो. या माणसाचे दिवे विझणार नाहीत!"



"पण उलटी परदक्षिणा?" कारभारीने विचारले.

"मारुतीराया समजून घेतील. माझ्या उरलेल्या प्रदक्षिणा मी पायी घालीन."

बैल काही मागे चालेनात. म्हणून ते सोडले. शंकररावांनी उपरणे कमरेला बांधले, मला म्हणाले, "भावजी, सरका," आणि जुवाला छाती लावली. मी शेजारी लागलो. आम्ही दमणी मागे ढकलत निघालो, अर्धी प्रदक्षिणा नि साठ फेरे, थेट दारापर्यंत! दिवे अखंड जळत होते. वायर उलगडत परत टोपल्यांत येत होती, आणि ती गोळा करायला बाप-लेक गाडीतच हवे होते. परिणामी माझ्या लग्नाच्या पन्नाशीच्या वरातीत वधूशेजारी रहेमतुल्ला विराजमान, आणि नवरदेव घामाघूम होऊन गाडीला जुंपलेला! शरयू पन्नास वर्षांत इतकी हसली नव्हती.

"अहो, जरा जोर लावा की!"

पहिल्या पंगतीत पहिले पान रहेमतुल्लाचे. शंकररावांनी स्वतः बुंदी वाढली. "रहेमतभाई, तुमचं पान तसंच राह्यलं होतं." रहेमतुल्लाने तीनदा बुंदी मागून घेतली.

तेवढ्यात शाकिरने खिशातून काड्यापेटीएवढा डबा आणि दिव्यांची बारीक माळ काढली. "गुरुजी, हे सेलवाली माळ. डबाच आऱ्याले बांधला का तोही चाकासंगं फिरते. वायरीचं कामच नाही."

रहेमतुल्लाचा घास हातातच राहिला. "हे आधी काऊन नाही सांगितलं बे?"

"दोन खेपा सांगत होतो, अब्बा. तुमी दोघं फेरे मोजून राह्यले होते!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मग पानातल्या बुंदीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायी तीन प्रदक्षिणा घातल्या. तिसरीत देवळाच्या मागे क्षणभर थांबलो. ज्या हातांनी त्या टोपल्या धरल्या, ज्या छातीने ती गाडी मागे रेटली, आणि जी माझ्याकडे पाहून हसली, त्या सर्वांना दीर्घ आयुष्य लाभो, त्यांच्या दारी दिवा अखंड राहो.