सासूबाईंचा पाला आणि माझे आभार

झाडावरचा फणस या वेळी आपणच उतरवावा, असं मी एका सोमवारी ठरवलं. शिडी जेमतेम चार पायऱ्यांची. फणस वरच राहिला, मी खाली आलो. (आमच्या कचेरीत माझी प्रगतीही साधारण अशीच आहे.) उजवा गुडघा असा सुजला की विजार चढेना.

एरवी मी फिकीर केली नसती, पण शनिवारी आमच्या लेकीची, नाबुकालूची, क्वांजुला होती. मुलाकडची शंभर माणसं रीतसर मागणी घालायला मसाका गावातल्या आमच्या अंगणात येणार, आणि बापानं आपल्या पायांनी चालत जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. मला चालता आलं नाही तर माझ्या जागी थोरले बंधू उभे राहणार होते. त्यांनी मंगळवारीच आपल्या पांढऱ्या पायघोळ कांझूला इस्त्री करून ठेवली आणि "तू आराम कर हो" असं मला तीनदा सांगून गेले. माझी एकुलती एक मुलगी, आणि तिचा बाप शनिवारपुरता हा माणूस. मला रडूच आलं.

गोळ्यांनी पोटात आग पडली, सूज जागची हलली नाही. शेवटी नासूनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिच्या आईला बोलावलं. सूज उतरवायची तर गाव त्यांच्याकडेच जातं. पण आमच्यात जावयानं सासूला शिवायचं नाही, समोर यायचं नाही, एका खोलीत बसायचं तर नाहीच. म्हणून सासूबाई पडद्यापलीकडे, मी अलीकडे आणि गुडघा बायकोच्या ताब्यात.

"आई विचारते, हात लावल्यावर गरम लागतं का?"

"लागतं."

"आई म्हणते, मग तोंड बंद ठेवा."

मला वाटलं, हा औषधाचाच भाग असेल. तो होताच. सासूबाईंचा नियम असा की औषधाबद्दल आभार मानायचे नाहीत. मानले की गुण गेला, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता आम्ही पडलो बागांडा माणसं. शेतात राबणाऱ्याचे आभार, रांधणाऱ्याचे आभार, गाडीतून उतरताना चालकाचे आभार. मला तर ही खोड जरा जास्तच. (बढती नाकारल्याच्या पत्रालाही मी आभाराचं उत्तर धाडलं होतं.) नासूनानं गुडघ्यावर कोरफडीचा गर थापला, वर शेकलेलं केळीचं पान बांधलं आणि हातात कडू पाल्याच्या काढ्याचा वाडगा दिला. गुडघ्याला इतकं बरं वाटलं की मी म्हणून गेलो, "फार उपकार झाले."

पडद्यामागे भांडं उपडं केल्याचा आवाज आला.

"आई म्हणते, गेला गुण. सोडा ते पान."

"अगं, ते मी तुला म्हणालो."

"आई म्हणते, कुणालाही म्हणा, गुडघ्याला ऐकू जातं."

बुधवारपर्यंत मी उपचार तीनदा नव्यानं सुरू केला. काढा असा जहर कडू की पहिल्या घोटाला पूर्वज दिसायचे. शेवटी मी धसकाच घेतला आणि कुणाचेच आभार मानेनासा झालो. शेजारी केळ्यांचा घड घेऊन आले, मी नुसता मान हलवत बसलो. ते घड परत घेऊन गेले. दुपारी नासूनानं उकडलेल्या केळ्यांचा मटोके वाढला, मी मुकाट जेवलो.

"मीठ कमी होतं का?"

मी ताट पुढे सरकवलं.

"सव्वीस वर्षांत जेवून गप्प उठल्याचं आठवत नाही. काय असेल ते सांगा."

मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. तिनं ताट जरा आपटूनच उचललं.

पण शुक्रवारी सकाळी पान सोडलं, तर खाली माझा जुना हाडकुळा गुडघा. वाकवला, तर वाकला. शनिवारी कांझू घालून मी काठीशिवाय अंगणभर चाललो. थोरल्या बंधूंसमोरून दोनदा गेलो, गरज नसताना. नाबुकालू पाहुण्यांसमोर गुडघे टेकून बसली होती. मला चालताना बघून तिचे डोळे भरले, माझेही भरले.

मग हातात माईक आला. चार दिवसांचे तुंबलेले आभार मी धडाधड मानून टाकले. शेजाऱ्यांचे तर परत नेलेल्या घडासाठीसुद्धा मानले. खिडकीआड सासूबाई बसल्या होत्या. मुलीच्या या दिवशी त्या बाईनं मला माझ्या पायांवर उभं केलं होतं, आणि नेमकं त्यांनाच काही म्हणायची सोय नव्हती. तेवढ्यात वाट सुचली. (कचेरीत वीस वर्षं नियमांतून पळवाटा काढल्याचा एवढा तरी उपयोग.)

"सासूबाई," मी खिडकीकडे पाठ करून म्हणालो, "गुडघ्याबद्दल मी अवाक्षर काढत नाही. पण तुम्ही मला तुमची मुलगी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार."

टाळ्या पडल्या. खिडकीत कुजबुज झाली आणि नासूना लगबगीनं येऊन माझ्या कानाशी लागली. माईक चालू आहे, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"आई म्हणते, काय केलंत हे. मुलगीसुद्धा तुम्हाला औषध म्हणूनच दिली होती. सव्वीस वर्षं आभार मानले नाहीत, म्हणून लागू पडली. आता गेला गुण. पुन्हा पहिल्यापासून मागणी घालायला या, आणि या वेळी आई नीट विचार करून सांगणार आहे."